आठशे ट्राउट आणि एक डुक्कर

मंगळवारी सकाळी सात वाजता एदिता लेविकोयच्या स्वयंपाकघरातला वायरलेस खरखरला, तेव्हा ती चुलीवर किटली ठेवत होती. आवाज इंजिनियर उबियाचा होता आणि त्याला धड वाक्य जुळवता येत नव्हतं.

"एदिताबाई, मासे नाहीत."

"कुठले मासे?"

"तराफ्यावरचे. ट्राउट. आठशेच्या आठशे. जाळं फाटलंय. फाटलं नाही, फाडलंय. तुम्ही या."

एदितानं किटली उतरवली, नवऱ्याचा जुना बरसाती कोट चढवला आणि नोंदवही काखेत मारली. ती वेल्माओ बेटाची दर्यापाटलीण. सरकारी कागदावर पदाचं नाव ‘समुद्राचा महापौर’ असं भारदस्त होतं, पगार शून्य. कुठली होडी किती वाजता गेली आणि किती वाजता आली हे लिहायचं, आणि समुद्रावर काही भलतंसलतं घडलं तर आचाओच्या बंदर-कचेरीला कळवायचं, एवढंच काम. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा समुद्रात राहिला. त्या दिवशी त्याची होडी किती वाजता निघाली हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून एदिता लिहीत होती.

तराफा पूर्वेच्या टोकाबाहेर दोन मैलांवर, उघड्या समुद्रात नांगरलेला होता. बेटावरच्या अकरा कोळ्यांची ती तरंगती शाळा. मध्ये जाळ्याचा पिंजरा, त्यात ट्राउट. पिंजऱ्याभोवती पाण्यात सोडलेल्या दोऱ्या, दोऱ्यांना लगडलेले शिनाणे, काळ्या शिंपल्यातले. सगळ्यांत बाहेर शेवाळाच्या रांगा. ट्राउटचं उष्टं शिनाण्यांना, शिनाण्यांचं शेवाळाला; समुद्रात काही वाया जाऊ द्यायचं नाही, असा इंजिनियरचा धडा. शुक्रवारी राजधानीतून पाहणीचे साहेब यायचे होते. इंजिनियर स्वतः गेला सव्वा महिना दुसऱ्या बेटावर शिकवत होता. आज पहाटे तो परतला आणि थेट तराफ्यावर गेला.

एदिता होडीतून उतरली आणि पहिल्याच पावलाला तिच्या मोज्यात पाणी शिरलं. उद्घाटनाला ती चर्चला जायचे बूट घालून याच फळ्यांवरून फिरली होती, आणि बूट कोरडे घेऊन घरी गेली होती. तिनं फळ्यांकडे बघितलं.

इंजिनियरनं जाळं वर ओढून दाखवलं. चीर दीड हात लांब होती. पाण्याखाली वीतभर अंतरावर सुरू होऊन खाली गेलेली. धाग्यांची टोकं सरळ, स्वच्छ.

"समुद्रसिंहानं फाडलं असेल," एदिता म्हणाली. तिला तसं वाटत नव्हतं; पण समोरच्याला खोडून काढायला काहीतरी दिलं की तो जास्त बोलतो, हा तिचा अनुभव.

इंजिनियर बोलला. समुद्रसिंह दातांनी फाडतो, टोकं पिंजतात. शिवाय तो निम्मे मासे अर्धवट खाऊन टाकतो, डोकी तरंगतात, कुरव पक्ष्यांचा बाजार भरतो. इथे एक खवला दिसत नव्हता. ही सुरी होती आणि सुरीमागे माणूस होता.

"खाद्य आहे का?" एदितानं विचारलं. "मूठभर टाका."

"कुणाला टाकू? पिंजरा रिकामा आहे."

"टाका तर."

दाणे पाण्यावर पसरले. क्षणभर काही नाही. मग पिंजऱ्याच्या बाहेरून, शेवाळाकडून, दोन वीतभर ट्राउट सरसरत आले, दाणे टिपून पुन्हा खाली गेले. एदितानं आणखी एक मूठ टाकायला लावली. तेच दोन.

"पिंजऱ्यात वाढलेला मासा सुटल्यावर कुठे जातो?"

"लांब नाही जात. चार-सहा दिवस तिथेच घुटमळतो. जेवण इथेच मिळतं हे त्याला ठाऊक असतं."

"मग हे दोघेच तेवढे आळशी, आणि बाकीचे सातशे अठ्ठ्याण्णव उद्योगी?"

एदिता तराफ्याला फेरी मारू लागली. शिनाण्यांच्या दोऱ्या जिथे लाकडाला बांधल्या होत्या तिथे गाठीगाठीवर चिंध्या होत्या: निळ्या, पिवळ्या, चौकड्याच्या, एक तर कुणाच्या तरी झोपायच्या पायजम्याची. ती चालत होती आणि कोटाच्या खिशात तिची बोटं हलत होती. एका लाल चिंधीपाशी ती थबकली, मग नजर वळवून पुढे गेली.

"या चिंध्या कसल्या?"

"माझ्या शिकाऊंपैकी नोल्बेर्तोची काहीतरी खूण असेल, मोजदादीची," इंजिनियर म्हणाला. "चाळीस दोऱ्यांचा आराखडा आहे माझा. बाई, दोऱ्या जाऊ द्या. हे कुणी केलं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

त्याला ओविदियो बार्रिया म्हणायचं होतं.

ओविदियो साठीचा पाणबुड्या. तराफा नांगरला त्या जागेखाली तो चाळीस वर्षं कालवं काढत आला होता. कोळ्यांच्या सभेत, सगळ्यांदेखत, तो म्हणाला होता की माशांना बालवाडी कशाला हवी, एक दिवस मी या तराफ्याचे कपडे उतरवीन. आणि सोमवारी संध्याकाळी त्याची होडी पाच चाळीसला पूर्वेच्या टोकाकडे गेली, सव्वासातला परतली. ही नोंद कुणाच्या अक्षरात होती? एदिताच्या.

बंदर-कचेरीनं वायरलेसवर फार वेळ घेतला नाही. बुधवारी चार वाजता तटरक्षक लाँच येईल. दर्यापाटलिणीनं एका नावाचा अहवाल तयार ठेवावा. ज्याचं नाव, त्याचा दर्यापरवाना कायमचा जमा. तोवर संशयिताला बेटाबाहेर जाऊ देऊ नये.

परवाना गेला म्हणजे ओविदियोला होडीत बसायचीसुद्धा बंदी. त्याच्याकडे जमीन नव्हती, बटाट्याचा वाफाही नव्हता. एक होडी, एक बैलजोडी आणि दोन फुप्फुसं, एवढी त्याची इस्टेट.

जाळी ठेवायच्या खोपटात त्याला अडकवून ठेवलं होतं, तिथे तो एका पालथ्या पिंपावर बसला होता.

"सोमवारी कुठे गेला होता, ओविदियो?"

"समुद्रावर."

"कशाला?"

"डोंगरावर होडी चालत नाही म्हणून."

"तराफ्यावर गेला होता?"

त्यानं जाळ्याचा एक धागा उचलून बोटाला गुंडाळला.

"पाण्यात उतरला होता?"

"नाही."

"मग दीड तास केलं काय?"

"बाई, तू लिहितेस ना सगळं? लिही, ओविदियो म्हातारा झालाय, त्याला सगळं उशिरा होतं."

"उद्या चारला लाँच येतेय. एक सरळ उत्तर दे, मी तुला घरी सोडते."

त्याच्या मानेवर तांबूस छटा चढली. रागाची नव्हती. एदितानं एकोणसाठ वर्षांत पुष्कळ माणसं रागावलेली पाहिली होती आणि पुष्कळ लाजलेली. तिला फरक कळत होता. पण लाजायला याच्याकडे होतं काय?

तिथून निघताना तिनं एक गोष्ट मात्र मनात पक्की केली. चाळीस वर्षं पाण्याखाली काढलेल्या माणसाला मासे सोडायचे असते तर त्यानं पिंजऱ्याचा तळ चिरला असता. तराफ्यावर पालथं पडून, हात पोचेल तिथून सुरी चालवणारा माणूस पाणबुड्या नव्हे. पण ही तिची समजूत झाली. बंदर-कचेरी समजुतीवर शिक्का मारत नाही.

दुपारी ती जेवायला बसली. शेजारच्या क्लोतिल्दे चिग्वायनं रविवारी डुक्कर कापलं होतं आणि तिच्याकडून योको आला होता. बेटावर कुणी डुक्कर कापलं की शेजाऱ्यांना भरलेलं ताट जातं, तोच योको: मांस, कातडीचे कुरकुरीत चिचर्डे, चरबीत तळलेला बटाट्याचा मिल्काओ. ज्यांना ताट मिळालं, त्यांनी आपल्या डुकराच्या वेळी तेवढंच ताट परत करायचं. एदितानं पहिला घास घेतला. चावला. थांबली.

मांसाला मासळीचा वास होता.

ती उठली आणि कुंपण ओलांडून क्लोतिल्देकडे गेली. नाजूकपणे विचारणं तिला जन्मात जमलेलं नव्हतं, आजही जमलं नाही.

"तुझं डुक्कर समुद्रावर चरत होतं का गं?"

क्लोतिल्देनं हातातली सुरी खाली ठेवली. मग तिनं जे ऐकवलं त्याचा सारांश असा, की ती पंचवीस वर्षं डुकरं पाळते. वेल्माओत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की किनाऱ्यावर चरलेलं डुक्कर तसंच कापलं तर माशासारखं लागतं. म्हणून ते दीड-दोन महिने कोंडून फक्त बटाट्यावर ठेवायचं असतं. आणि तिनं ते पन्नास दिवस कोंडलं होतं, दाराला साखळी घालून. ज्यांना वास येतो त्यांनी आपलं नाक धुवावं.

"तू चाखलंस?"

क्लोतिल्देनं सुरी पुन्हा उचलली. "चाखलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच सर्दी झालीय."

"डुक्कर खायचं नीट?"

"तेच कळत नाही. गेला महिनाभर सकाळी बटाट्याला तोंड लावायचं नाही, आणि तरी फुगत होतं. मी म्हटलं, देवाची कृपा. देवाला कशाला प्रश्न विचारायचे?" आणि मग, विषय बदलायला मिळाला म्हणून, तिनं पोत्यांचं गाऱ्हाणं काढलं. तराफ्यावरच्या खाद्याची रिकामी पोती बायकांना पाळीपाळीनं मिळायची, बटाट्यासाठी. ऐन काढणीच्या महिन्यात अख्ख्या गावाला मिळून तीन पोती आली. तीन. बटाटे काय आता परकरात भरायचे?

एदिता डुकराच्या खोपटाकडे बघत होती. खोपटाच्या मागं कुंपण, कुंपणापलीकडे नोल्बेर्तो रेमोल्कोयचं घर.

ते घर तिथे फेब्रुवारीत आलं होतं. म्हणजे अक्षरशः आलं होतं. डोंगरमाथ्यावरून खाली. घराखाली ओंडके, पुढे बैलजोड्या, दोरांना सगळा गाव, दोन दिवस. याला मिंगा म्हणतात. ओढणाऱ्याला मजुरी नसते. घरवाल्यानं जेवू घालायचं, आणि पुढे ज्यानं ज्यानं हात लावला तो जेव्हा काही मागेल तेव्हा नाही म्हणायचं नाही. एदितानंही दोर ओढला होता. नोल्बेर्तो तिच्या नवऱ्याचा भाचा होता आणि तराफ्यावरच्या अकरा जणांचा म्होरक्या. इंजिनियरचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. समुद्राजवळ राहता यावं, पहाटे लवकर तराफ्यावर जाता यावं, म्हणून तर घर खाली आणलं होतं.

तो अंगणात इंजिन उघडून बसला होता. इंजिन कुणा दुसऱ्याचं होतं.

"या मामी. माते-चहा घेणार?"

"घेईन. तराफ्याची वही दाखव."

त्यानं वही आणून दिली. अक्षर मोत्यासारखं. एक महिन्यापूर्वी बटाट्याची काढणी सुरू झाली, तेव्हा बाकीचे दहा जण शेतात अडकले आणि सकाळचा फेरा नोल्बेर्तोनं एकट्यानं अंगावर घेतला. सगळे त्याला दुवा देत होते.

"या महिन्यात मेलेले मासे किती?"

"नऊ. लिहिलेत."

"कुठे पुरले?"

"चुन्याच्या खड्ड्यात. नियमच आहे."

"खाद्य?"

"एक दिवसाआड एक पोतं."

"पाण्यातला प्राणवायू?"

"रोज मोजला, मामी. रोज लिहिलाय."

लिहिला होता खरा. अठ्ठावीस दिवस तोच आकडा, दशांश चिन्हासकट. समुद्र इतक्या शिस्तीचा असता, तर एदितानं एकोणीस वर्षं वही कशाला लिहिली असती?

ती बसली होती तेवढ्यात एक जण कुंपणावरून डोकावला आणि शनिवारी माझं छप्पर शाकारायला ये म्हणाला. नोल्बेर्तो हो म्हणाला. मग एक बाई रेडिओ घेऊन आली. तो रेडिओही त्यानं ठेवून घेतला. शनिवारी तू आचाओला जाणार होतास ना, असं एदितानं विचारलं, तेव्हा तो नुसता हसला. हसताना त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

"ओविदियोकाकांचं काय होणार?" त्यानं विचारलं.

"पुरावा नसेल तर काही नाही."

"पुरावा नाहीच ना?"

"तू काय म्हणतोस? त्यानं केलं असेल?"

नोल्बेर्तोनं इंजिनचा एक नट फिरवला, उलटा फिरवला, पुन्हा सुलटा फिरवला. "मी कुणाबद्दल काय सांगणार, मामी," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी एदितानं आपली वही मागे चाळली. महिनाभरात आचाओच्या होडीनं खाद्याची चौदा पोती उतरवली होती. मग ती पुन्हा तराफ्यावर गेली, अनवाणी, आणि दुसऱ्यांदा मोजून आली. परतताना तिनं इंजिनियरला एकच प्रश्न विचारला: भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ नसते तेव्हा, पिंजऱ्यातला मासा जगतो कशावर?

"म्हणून तर प्रवाहाच्या बाजूनं बारा पावलं जागा मोकळी सोडायला शिकवलंय," इंजिनियर म्हणाला. "ताजं पाणी तिथूनच आत येतं." आणि हे म्हणता म्हणता त्याचा चेहरा बदलला. "तिथे काय आहे, बाई?"

"तीन वाजता सभागृहात या," एदिता म्हणाली.

तीन वाजता कोळ्यांचं सभागृह भरलं. अकरा शिकाऊ, त्यांच्या बायका, दोर ओढायला सदैव तयार असलेला सगळा गाव. ओविदियोला पुढच्या बाकावर बसवलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. नोल्बेर्तो दाराशी उभा होता. टेबलावर कोरा अहवाल. त्यावर नावासाठी एकच ओळ.

"एका तासानं लाँच येईल," एदिता म्हणाली. "मला एक नाव लिहायचंय. त्याआधी मी काय मोजलं ते ऐका.

"जाळं सोमवारी चिरलं. आठशे मासे सुटले असते, तर मंगळवारी सकाळी ते तराफ्याभोवतीच असते. इंजिनियरसाहेबांनी दाणे टाकले. दोन आले. म्हणजे जाळं चिरलं तेव्हा आत जेमतेम दोन मासे होते. सुरीनं मासे गेले नाहीत. मासे आधीच गेले होते. सुरी नंतर आली.

"मग मासे गेले कुठे? महिन्याभरात खाद्याची चौदा पोती आली. वही म्हणते, चौदा संपली. अख्ख्या गावाला रिकामी मिळाली तीन. अकरा पोती कुणी खाल्लीच नाहीत, कारण खाणारे रोज कमी होत होते. रोज मरत होते. आणि मेलेले चुन्याच्या खड्ड्यात गेले नाहीत, कारण तो खड्डा रस्त्यावर आहे, सगळ्यांना दिसतो. ते पहाटे एका कुंपणावरून पलीकडे जात होते. पलीकडे एक डुक्कर होतं."

क्लोतिल्देनं तोंडावर हात ठेवला.

"तिनं ते पन्नास दिवस बटाट्यावर ठेवलं होतं आणि त्याचा योको माझ्याकडे मासळीच्या वासाचा आला. ज्यानं हे केलं त्यालाही ठाऊक होतं कोंडलेल्या डुकराला काय द्यायचं नसतं. पण रोज पहाटे हातात तीस-तीस मेलेले मासे असले की माणूस जवळच्या तोंडात टाकतो."

आता लोक ओविदियोकडे बघत नव्हते. दाराकडेही अजून बघत नव्हते. बरेच जण जमिनीकडे बघत होते, आणि एदिता नेमकी त्यांचीच वाट बघत होती.

"मासे मेले का, ते सांगते. तराफा पाण्यात खाली बसलाय. फळ्यांवरून पाणी वाहतं. एवढं वजन कशाचं? आराखडा चाळीस दोऱ्यांचा. मी दोनदा मोजल्या. सत्त्याण्णव आहेत. प्रवाहाच्या तोंडाशी बारा पावलं जागा मोकळी सोडायची होती, ती सत्तावन्न जादा दोऱ्यांनी भरलीय. शिनाणेही श्वास घेतात. भांग आला, पाण्याची ओढ थांबली, मोकळी जागा नाही. आतले मासे गुदमरले." तिनं इंजिनियरकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली.

"या सत्तावन्न दोऱ्या कुणाच्या? प्रत्येकीला चिंधी आहे. निळी कुणाची?"

लोक एकमेकांच्या कपड्यांकडे बघू लागले.

"बरं. मी सुरू करते. लाल चिंधी माझी. फेब्रुवारीत मी दोर ओढला. एप्रिलमध्ये त्याला म्हटलं, एक दोरी माझ्यासाठी सोड, हिवाळ्यात तेवढेच शिनाणे घरचे होतील. मला वाटलं, एका दोरीनं काय होतंय."

मागून एक बाई हळूच म्हणाली, निळी माझी. मग चौकड्याची. मग पायजम्यावाला उभा राहिला आणि कुणी हसलं नाही. एकेक जण आपला रंग सांगत गेला. प्रत्येकाला स्वतःची दोरी ठाऊक होती; फार तर भावाची. बेरीज कुणी केलेली नव्हती.

शेवटी पुढच्या बाकावरून ओविदियो म्हणाला, "पिवळ्या दोन माझ्या. माझी बैलजोडी होती."

"सोमवारी दीड तास काय करत होतास?"

"शिनाणे किती वाढले ते बघत होतो." त्याची मान पुन्हा तांबूस झाली. "माशांच्या बालवाडीला सभेत शिव्या घालायच्या आणि तिथेच आपल्या दोऱ्या लावायच्या, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा परवाना गेलेला बरा वाटला."

"जाळं फाटलेलं दिसलं?"

"उजेड नव्हता. मी माझ्या दोऱ्या चाचपल्या नि परतलो."

एदितानं चष्मा काढून पुसला. पुढचं वाक्य ती सकाळपासून पुढे ढकलत होती.

"रविवारी इंजिनियरसाहेबांनी वायरलेसवर कळवलं की मंगळवारी येतोय. तो निरोप कुणी घेतला? वही कुणी लिहिली? सकाळचा फेरा एकटा कोण करत होता? सोमवारी दुपारी चार वाजता खाद्य घालायला तराफ्यावर गेलेली होडी कुणाची? माझ्याकडे लिहिलंय. मला तोंडून ऐकायचंय."

नोल्बेर्तो दारापासून पुढे आला. गर्दीनं त्याला वाट दिली.

"माझी," तो म्हणाला. "पोती माझ्या घराखाली आहेत, खांबांच्या मधे. अकराच आहेत." मग एकदम, घाईनं: पहिल्या आठवड्यात सहा मासे मेले, तेव्हाच त्याला कळलं होतं कशानं मरताहेत. दोऱ्या काढायच्या म्हणजे पन्नास-पंचावन्न घरी जाऊन सांगायचं, तुमची दोरी काढतो. ज्यांनी घर ओढलं त्यांना. तो एका संध्याकाळी सांगायला निघालाही. पहिल्या घरी गेला, तिथे त्या माणसानं भावासाठी आणखी एक दोरी मागितली आणि तो हो म्हणून परत आला. त्याला वाटलं, उधाणाचं पाणी येईल, मासे सावरतील. सावरले नाहीत. इंजिनियर येणार कळल्यावर त्यानं सुरी घेतली. समुद्रसिंहावर जाईल असं वाटलं होतं.

"आणि ओविदियोवर गेलं तेव्हा?" एदितानं विचारलं.

"वाटलं, पुरावा नाही, सोडतील."

बाहेर लाँचचा भोंगा वाजला.

हवालदार आत आला, तेव्हा एदिता लिहीत होती. एका ओळीत तिनं नोल्बेर्तोचं नाव लिहिलं. तिचं अक्षर एरवीसारखंच होतं. मग कागद उलटून तिनं मागे आणखी नावं लिहायला घेतली, पहिलं स्वतःचं. हवालदार म्हणाला, बाई, मागच्या बाजूला जागा नसते या अर्जात. ती म्हणाली, आता आहे, तुम्ही बसा, छप्पन्न घरं आहेत, वेळ लागेल.

जाळं कापणं आणि खोट्या नोंदी याला एकच शिक्षा आहे, हवालदारानं समजावून सांगितलं, पण कबुली स्वतःहून दिली तर कायमचं नाही, तीन वर्षं. नोल्बेर्तोनं खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवला. समुद्र पायाशी असलेल्या घरात तीन वर्षं.

मग ओविदियो उठला. दोन दिवस बसून त्याचे गुडघे आखडले होते. तो नोल्बेर्तोसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना वाटलं, आता कानाखाली आवाज येणार. इंजिनियर मध्ये पडायला पुढे सरकलासुद्धा.

"काल दुपारी खोपटात मला जेवण कुणी आणलं?" ओविदियोनं विचारलं.

"मी."

"काल संध्याकाळी? आज सकाळी?"

"मीच, काका."

"तिन्ही वेळा मी जेवेपर्यंत समोर बसलास."

"तिन्ही वेळा सांगणार होतो."

ओविदियोनं टोपी डोक्यावर चढवली. "मिल्काओ गरम होता," तो म्हणाला. "बायकोला पहाटे उठवून करून घेतला असशील. थंड, शिळा आणला असतास ना पोरा, तर मी आत्ता तुला दोन लगावून मोकळा झालो असतो."

एवढं बोलून तो बाहेर पडला आणि उतारावरून आपल्या होडीकडे चालू लागला. तो खाली पोचेपर्यंत सभागृहातून कुणी हललं नाही.